दहाव्या मिनिटाची आई

गडहिंग्लजच्या सुवर्णलक्ष्मी टॉकीजमध्ये लागलेल्या कार्टूनच्या सिनेमातल्या आईने, एका प्रेक्षकाचा अभिप्राय वाचून, शनिवारी दुपारी तीनच्या खेळात मरायला नकार दिला.

सिनेमा पाणमांजराच्या पिल्लाचा होता. पिल्लाचे नाव गोटी. दहाव्या मिनिटाला नदीला पूर यायचा, आई गोटीला एका ओंडक्यावर ढकलायची आणि स्वतः पाण्याखाली जायची. मग गोटी वाहत वाहत समुद्राला लागायची आणि खरा सिनेमा सुरू व्हायचा. शनिवारी पूर आला, आईने गोटीला ओंडक्यावर ढकलले, आणि मागोमाग स्वतःही त्याच ओंडक्यावर चढून बसली. दोघी काठाला लागल्यावर तिने अंग झटकले, प्रेक्षकांकडे तोंड करून पुढचे दोन पाय जोडले आणि म्हणाली, "अभिप्राय आला आहे. त्याचा निकाल लागेपर्यंत मला जाता येणार नाही. आपली गैरसोय होते आहे, त्याबद्दल क्षमा असावी."

सिनेमा मुळात दुसऱ्या भाषेतला असल्यामुळे तिचे ओठ आधी हलत आणि मराठी शब्द जरा मागून येत. पण म्हणणे सगळ्यांना समजले.

त्यानंतर पावणेदोन तास आई आणि गोटी काठावर होत्या. त्यांनी मासे खाल्ले. आईने गोटीच्या पाठीवरचे केस चाटून बसवले. दोघी उन्हात झोपल्या, उठल्या, पुन्हा मासे खाल्ले. पुढच्या भागात गोटीची वाट बघत थांबलेले समुद्री कासव दोन-तीनदा खाकरल्याचे ऑपरेटरने ऐकले. प्रेक्षकांतल्या लहान मुलांना पहिला अर्धा तास हे आवडले. नंतर बरीचशी झोपली. संध्याकाळच्या दोन्ही खेळांतही तेच झाले.

अभिप्राय लिहिणारे प्रेक्षक म्हणजे शिवानंद हत्तरकी. ते भूमी अभिलेख कार्यालयात भूकरमापक होते. लोकांच्या जमिनी मोजून हद्दीच्या खुणा कायम करायच्या, हे त्यांचे वीस वर्षांचे काम. त्यांची बायको शैलजा पोस्टात होती. दोन वर्षांपूर्वी तीन दिवसांच्या तापात ती गेली. तेव्हापासून शिवानंद आपल्या मुलीला, ईश्वरीला, टॉकीजला लागणारा प्रत्येक कार्टूनचा आणि धाडसाचा सिनेमा दाखवत. ईश्वरी तेव्हा तिसरीत होती, आता पाचवीत. मुलीला घेऊन मोकळ्या वेळात दुसरे काय करायचे असते हे त्यांना माहीत नव्हते, आणि सिनेमाला गेले की दोन तास कुणाला काही बोलावे लागत नाही, हे त्यांच्या लक्षात आले होते.

सुवर्णलक्ष्मीत पडद्याच्या डाव्या हाताला, बाहेर जायच्या दारापाशी, एक वही सुतळीने खिळ्याला बांधलेली असे. वर लिहिलेले होते, 'प्रेक्षकांचे अभिप्राय'. लोक त्यात 'पंखा चालत नाही', 'खुर्चीत ढेकूण' असे लिहीत. शिवानंद मात्र सिनेमाबद्दल लिहीत, आणि मोजणीचा अहवाल लिहावा तसे लिहीत.

खजिन्याच्या बेटाचा एक सिनेमा आला होता, त्याखाली त्यांनी लिहिले होते, 'नकाशावर प्रमाण दिलेले नाही. उत्तर दिशा दाखवलेली नाही. अशा नकाशावरून खजिना सापडणे शक्य नाही. सापडला तर तो योगायोग समजावा.' उडत्या नावेच्या सिनेमाखाली, 'शेवटी सगळे नाचतात. ज्या म्हाताऱ्याचे घर जळाले तोही नाचतो. त्याची राहण्याची काय सोय झाली हे कळले नाही.' हत्तीच्या सिनेमाखाली एवढेच, 'हत्ती चांगला होता. मुलीस आवडला.'

पाणमांजराचा सिनेमा शुक्रवारी लागला. त्या दिवशी संध्याकाळी सहाचा खेळ बघून शिवानंदांनी लिहिले:

'गेल्या दोन वर्षांत असे चौदा सिनेमे पाहिले. पैकी अकरा सिनेमांत आई पहिल्या पंधरा मिनिटांत जाते. माझी मुलगी त्या वेळी दरवेळी उठून बाहेर जाते व आई गेल्यावर परत येते. मुलाने धाडसाला निघण्यासाठी आईने मरणे आवश्यक आहे काय? संबंधितांनी खुलासा करावा.'

वही पडद्यावरून सहज वाचता येण्याजोगी होती. इतक्या वर्षांत पडद्यावरच्या कुणी ती वाचली नव्हती, कारण कुणी त्यांना उद्देशून काही लिहिले नव्हते. या वेळी 'संबंधितांनी' हा शब्द होता.

रविवारी सकाळी आठ वाजता टॉकीजचे मॅनेजर विलासराव नलवडे वही काखेत मारून हत्तरकींच्या दारात उभे राहिले. शिवानंद दाढी करत होते. ईश्वरी आत स्वयंपाकघरात पोहे परतत होती.

"साहेब, ह्ये अक्षर तुमचंच न्हवं?" विलासरावांनी वही उघडून पुढे धरली.

"माझंच आहे. खाली सही आहे की."

"मग आता मागं घ्या. काल तीन खेळ असेच गेले. लोक म्हणत्यात, मासे खातानाचा सिनेमा लावलाय व्हय. पुढं समुद्र हाय, वादळ हाय, त्यो दुष्ट बगळा हाय, सगळं तसंच पडून हाय. ती बाई जागची हलंना."

शिवानंदांनी चेहऱ्यावरचा साबण पुसला, चष्मा लावला आणि आपणच लिहिलेले पुन्हा एकदा वाचले. "मी खुलासा मागितलाय. खुलासा आला की विषय संपला."

"खुलासा कोण देणार? वितरकांना फोन केला, ते म्हणत्यात आमच्याकडं फक्त रिळांचा डबा येतो. तुम्ही खाली लिवा, 'अभिप्राय मागे घेत आहे', आणि सही ठोका. ती म्हणाली, तेवढं पुरे. ती लगेच जाईल."

"जाईल म्हणजे?"

"जाईल म्हणजे... पूर येतोय न्हवं दहाव्या मिनिटाला."

विलासरावांनी पेनचे टोपण काढून पेन पुढे केले. शिवानंदांनी ते घेतले. वही गुडघ्यावर ठेवली. आजवर त्यांनी शेकडो कागदांवर सह्या केल्या होत्या, आणि एकेका सहीने कुणाचा बांध चार फूट इकडे आणि कुणाची विहीर पलीकडे गेली होती. सही म्हणजे काय हे त्यांना ठाऊक होते. त्यांनी पेन परत केले.

"मला नाही जमणार," ते म्हणाले. "तुम्ही करा सही. मॅनेजर म्हणून."

"मी?" विलासराव दोन पावले मागे सरले. "मी कशी करू? काल रात्रीच्या खेळानंतर तिनं मला नमस्कार केलाय हो. पिल्लू झोपलं होतं मांडीवर."

आतून ईश्वरी पोह्यांच्या दोन बश्या घेऊन आली. तिने सगळे ऐकले होते. बश्या ठेवून तिने वही घेतली आणि उभ्या उभ्याच वडिलांचा अभिप्राय वाचला.

"पप्पा, हे चुकीचं लिहिलंय," ती म्हणाली.

"काय चुकीचं?"

"तिथंच सांगते. मला तिच्याशी बोलायचंय."

पोहे खाऊन तिघे टॉकीजला गेले. साडेदहा वाजले होते; पहिला खेळ बाराचा. विलासरावांनी पडद्यावर दिवा टाकायला सांगितला. आई काठावर बसली होती. गोटी तिच्या पाठीवर पालथी झोपली होती आणि नदी हळू वाहत होती. रिकाम्या थिएटरात पाण्याचा आवाज जास्तच मोठा वाटत होता.

"नमस्कार," आई म्हणाली. "अभिप्राय देणारे आपणच का?"

"हो," शिवानंद म्हणाले. इतक्या मोठ्या चेहऱ्याशी कसे बोलावे हे न कळल्यामुळे त्यांनी तालुक्याच्या साहेबांशी बोलताना घेतात तशी हाताची घडी घेतली. "तुम्हाला त्रास द्यायचा हेतू नव्हता."

"त्रास नाही. आजवर मला कुणी विचारलंच नव्हतं. मी सहा महिने हा सिनेमा करते आहे. इचलकरंजी केलं, निपाणी केलं. आवश्यक आहे का, हा प्रश्न मलाही पडला नव्हता. आपण लिहिलंत आणि मग मात्र पाय उचलेना." ती क्षणभर थांबली, तिचे शब्द ओठांना गाठायला धावत होते. "पण मुलं कंटाळली आहेत, हे मला इथून दिसतं. आपण अभिप्राय मागे घेतलात तर माझी ना नाही. फक्त लेखी हवं."

"मागे नाही घ्यायचा," ईश्वरी म्हणाली. "पण तो चुकलाय. पप्पांनी लिहिलंय की आई जाताना मी बाहेर जाते, कारण मला बघवत नाही. तसं नाहीये."

"तसं मी लिहिलेलं नाही," शिवानंद म्हणाले. "तू बाहेर जातेस एवढंच लिहिलंय. आणि जातेसच तू. चौदाच्या चौदा वेळा... म्हणजे अकरा."

"जाते. पण माझ्यासाठी नाही जात." ईश्वरीने वडिलांकडे न बघता पडद्याकडे बघत सांगितले. "आई जायची वेळ आली की पप्पा चष्मा काढतात. मग रुमाल शोधतात. मग मी बघतेय का ते बघतात आणि रुमाल परत खिशात घालतात. मी तिथं असले की त्यांना नीट रडता येत नाही. म्हणून मी कॉर्न आणायला जाते. दोन मिनिटं थांबते दारापाशी, आणि मग येते."

विलासराव शेवटच्या रांगेत काहीतरी शोधायला निघून गेले.

शिवानंद उभेच होते. चष्मा काढावासा वाटत होता, पण आता काढणे बरे दिसले नसते. दोन वर्षे दर दीड-दोन महिन्यांनी ते मुलीला सिनेमाला आणत होते. आपण तिला आणतो, असेच ते धरून चालले होते.

"आई गेलेली मला बघता येते," ईश्वरी पुढे म्हणाली. "ती गेल्यावरच तर गोटी सगळं करते. वादळातून जाते, बगळ्याला फसवते. मला ते आवडतं. गोटीला आई नाहीये आणि तरी ती करते. काल सगळ्यांना नुसते मासेच दिसले. गोटीनं काहीच केलं नाही. तिला तुम्ही पाठीवरून खालीच उतरू दिलं नाही."

आईने मान वळवून पाठीवरच्या पिल्लाकडे बघितले. मग तिने विचारले, "वादळातून कोण जातं?"

"गोटी."

"ही?"

"हो. तुम्ही बघितलं नाही?"

"मी दहाव्या मिनिटापर्यंतच असते," आई म्हणाली. "पुढचा सिनेमा मी पाहिलेला नाही. पुढे आहे हे ऐकून होते. कासव आहे म्हणतात. संपताना टाळ्या येतात त्या खाली पाण्यात ऐकू येतात, त्यावरून काहीतरी बरं झालं असावं असं मी समजत होते."

हे ऐकून ईश्वरी जागच्या जागी बसली, पुढच्या रांगेतल्या पहिल्या खुर्चीत. थोडा वेळ ती पायाने जमीन घासत राहिली. "मी सांगू शकते काय होतं ते," ती शेवटी म्हणाली. "पण सांगून मजा नाही. तुम्ही बघाच. खाली या, माझ्या शेजारी बसा. तुम्ही तिथं नसलात म्हणजे झालं ना? मेलंच पाहिजे असं कुठं आहे?"

शिवानंदांनी हा मुद्दा तपासून पाहिला. त्यांना त्यात दोष सापडला नाही. त्यांनी खिशातून पेन काढले, वही उघडली आणि अभिप्रायाखाली लिहिले, 'खुलासा: मुलाने धाडसाला निघण्यासाठी आई दृष्टीआड होणे आवश्यक आहे. मरणे आवश्यक नाही. सबब, संबंधितांनी दहाव्या मिनिटानंतर प्रेक्षागृहात बसण्यास हरकत नसावी.' खाली सही केली. वही ईश्वरीकडे दिली, तिनेही सही केली. मग विलासरावांना बोलावून वही पडद्यासमोर धरली. आईने ती दोनदा वाचली.

"हे मान्य आहे," ती म्हणाली.

अडचण राहिली ती विलासरावांची. प्रेक्षक म्हणून आत बसायचे तर तिकीट किंवा पास हवा. कलाकार म्हणून बसायचे तर तशी तरतूद नव्हती. शेवटी त्यांनी पासाचे पुस्तक आणले.

"नाव सांगा."

"नाव दिलेलं नाही. शेवटच्या पाट्यांमध्ये 'आई' एवढंच आहे, असं ऐकते."

विलासरावांनी पासावर 'आई' असे लिहिले आणि कडेला 'सोबत टॉवेल' असा शेरा मारला.

बाराच्या खेळाला बऱ्यापैकी गर्दी होती. शनिवारची हकीकत गावात पसरली होती आणि काही जण मासे बघायलाच आले होते. ईश्वरी पाचव्या रांगेत बसली, तिच्या डाव्या हाताला शिवानंद. उजव्या हाताच्या खुर्चीवर टॉवेल अंथरून ठेवला होता.

दहाव्या मिनिटाला पूर आला. आईने गोटीला ओंडक्यावर ढकलले. ओंडका धारेला लागून वळणाआड दिसेनासा झाला, तशी ती पडद्याच्या खालच्या कडेवर आली, पाय सोडून बसली आणि तिथून खाली स्टेजवर उतरली. पडद्यावर ती दोन पुरुष उंच दिसायची. खाली उतरल्यावर ईश्वरीच्या खांद्याइतकी भरली. मधल्या वाटेने ती वर आली, लोकांनी पाय घेतले, आणि ती टॉवेलवर येऊन बसली. अंगाला नदीचा वास होता.

पडद्यावर ओंडका एका खडकाला अडकला. गोटी मागे वळून पाण्याकडे बघू लागली. तिने हाक मारली. मग पुन्हा मारली. सिनेमात हा भाग दोन मिनिटांचा होता, आणि त्यात हाका सोडून दुसरे काहीच नव्हते.

आई खुर्चीच्या कडेला सरकली. "ती मला बोलावते आहे."

"हो," ईश्वरी म्हणाली.

"मी इथे आहे, हे तिला ठाऊक नाही."

"नाही."

"मी जाऊन सांगून येते. एवढंच सांगते आणि परत येते."

"नका जाऊ." ईश्वरीने तिचा ओला पंजा धरला. "दोन मिनिटं फक्त. फार वाईट असतात, पण संपतात. मग कासव येतं. तुम्ही गेलात तर कासव येणार नाही."

आई उठली. मागच्या रांगेतल्या कुणीतरी "बसा की हो" असे म्हटले, पण तिच्याकडे बघून पुढे काही बोलले नाही. ती तशीच उभी होती, अर्धी वाटेत, अर्धी खुर्चीपाशी. गोटी हाका मारत होती. ईश्वरीने पंजा सोडला नाही. शिवानंदांनी चष्मा काढला, रुमाल काढला आणि या वेळी इकडेतिकडे न बघता डोळे पुसले. मुलगी आज बाहेर गेलेली नव्हती. तिच्या पलीकडे उभी असलेली आईही रडत होती, आणि तिचे हुंदके जरा उशिराने ऐकू येत होते. त्यांनी रुमालाची कोरडी बाजू वर करून तो ईश्वरीच्या पुढून तिच्याकडे दिला.

गोटीचा आवाज बसला. ती गप्प झाली. तिने ओंडक्याला घट्ट मिठी मारली, आणि पाण्यातून कासवाने डोके वर काढले.

"आलं," ईश्वरी म्हणाली.

आई खाली बसली.

त्यानंतर ती पडद्यावरून नजर न हलवता बघत राहिली. मध्ये मध्ये हळूच बोलत होती. "ती खेकडा खाते आहे. तिला खेकडा आवडत नव्हता." "ते शेवाळ घसरडं आहे, कुणी सांगा तिला." गोटीने समुद्री वेलीने काठी ओंडक्याला बांधून वल्हे केले तेव्हा ती म्हणाली, "गाठ चुकली आहे," आणि गाठ टिकली तेव्हा गप्प झाली. वादळात लाट आली आणि गोटी दिसेनाशी झाली तेव्हा तिने ईश्वरीला विचारले, "वर येते ना?" ईश्वरी म्हणाली, "सांगून मजा नाही," पण तिच्या पंजावर हात ठेवला, त्यावरून आईने ओळखले.

दुष्ट बगळ्याच्या खडकावर गोटीने पाचशे माशांची सुटका केली. संपताना ती एका नव्या काठावर उभी होती, बरोबर कासव होते, आणि सूर्य मावळत होता. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. आईने आजवर ज्या टाळ्या पाण्याखालून ऐकल्या होत्या त्या याच, हे तिला कळायला क्षणभर वेळ लागला. मग तिनेही पंजे वाजवले.

लोक बाहेर पडले. पडद्यावर पाट्या सरकत होत्या. सगळ्यांत शेवटी 'आई' असे आले आणि गेले.

"हे सगळं तिनं एकटीनं केलं," आई म्हणाली.

"कासव होतं की."

"कासव नंतर आलं." ती टॉवेलने पाठ पुसत होती, पण ती पाठ कधीच वाळणारी नव्हती. "आता मी जाऊन तिला सांगू का? मी होते, मी पाहिलं, असं?"

ईश्वरीने विचार केला. "सांगता येणार नाही बहुतेक. तीनच्या खेळात ती परत लहान असणार. तिला काहीच आठवणार नाही. पण तेव्हा तुम्ही तिच्यापाशी असालच ना? पहिली दहा मिनिटं. रोज चार खेळ असतात."

"चाळीस मिनिटं," शिवानंद म्हणाले.

"चाळीस मिनिटं पुष्कळ झाली," आई म्हणाली.

तीनच्या खेळाला अजून अर्धा तास होता. झाडूवाली बाई खालून रांगा झाडत वर येत होती. विलासरावांनी तिघांना चहा पाठवला. आईने तो हुंगून ठेवून दिला. मग ती खुर्चीत वळून ईश्वरीकडे तोंड करून बसली.

"आणि तू?" तिने विचारले.

"मी काय?"

"तुझीही आई गेली आहे, हे मघाशी तुझ्या बोलण्यावरून मला कळलं. त्यानंतर काय काय झालं?"

ईश्वरीने वडिलांकडे एकदा बघितले. शिवानंद एकदम उठले आणि दोन रांगा मागे जाऊन बसले. तिथून ऐकू येत होते, पण त्यांचा चेहरा कुणाला दिसत नव्हता.

"आधी तिसरी झाली," ईश्वरीने सुरुवात केली. "तिसरीत माझे दोन दात पडले. एक शाळेत पडला, तो मी मधल्या सुट्टीत हरवला. मग मी भात लावायला शिकले. पहिल्यांदा पाणी जास्त झालं, पप्पांनी ताकात कालवून खाल्ला आणि चांगला झालाय म्हणाले. चौथीत मी हिरण्यकेशीत पोहायला शिकले, शेजारच्या काकूंनी शिकवलं, पप्पांना माहीत नाही. आईला पाण्याची भीती वाटायची म्हणून ती मला सोडायची नाही. आता मी पलीकडच्या काठाला जाऊन येते."

"एका दमात?"

"मध्ये एकदा उताणं पडते. मग, गेल्या वर्षी गॅदरिंगला मी भाषण केलं, आणि अर्ध्यात विसरले, तर मी माझंच बोलले पुढं. कुणाला कळलं नाही. बाईंना कळलं. आणि आईची पोस्टातली पिशवी असते ना, खाकी, ती मी आता दप्तराला वापरते, पट्टा तुटला होता तो मी चांभाराकडून शिवून घेतला."

ती सांगत राहिली. आई कान टवकारून ऐकत होती, आणि अधूनमधून एवढेच विचारत होती, "मग?" हिरण्यकेशीचे ऐकून शिवानंद जागेवरून अर्धे उठले होते, परत बसले. पट्ट्याचेही त्यांना माहीत नव्हते. चौथीतली एक मैत्रीण बोलायची बंद झाली होती आणि दिवाळीत परत बोलू लागली होती, तेही नव्हते. ते मोजत होते. अर्ध्या तासात ऐकलेल्या एकवीस गोष्टींपैकी त्यांना आठ ठाऊक होत्या.

पहिली घंटा झाली तेव्हा ईश्वरी पाचवीपर्यंत पोहोचली होती.

"अजून सहामाही राहिलीये," ती म्हणाली.

"मला गेलं पाहिजे. गोटी उठली असेल." आई उभी राहिली. तिने आपला पंजा ईश्वरीच्या डोक्यावर ठेवला आणि काढला; केसांवर ओला ठसा उमटला. दोन रांगा मागे बघून तिने शिवानंदांना नमस्कार केला. शिवानंदांनी उभे राहून परत केला. मग ती मधल्या वाटेने खाली गेली आणि पडद्याच्या कडेला धरून वर चढली.

शिवानंद पुढे येऊन मुलीच्या शेजारी बसले, टॉवेल अंथरलेल्या खुर्चीत. टॉवेल ओला आहे हे त्यांना बसल्यावर कळले, पण ते उठले नाहीत.

"सहामाहीत काय झालं?" त्यांनी विचारले.

त्यांनी तो खेळ पाहिला नाही. ते दोघे बाहेर पडले आणि ईश्वरी सांगत सांगत नदीच्या बाजूला वळली, तसे तेही वळले.

आत तीनचा खेळ सुरू झाला होता. दहाव्या मिनिटाला पूर आला, ओंडका वळणाआड गेला आणि आई पडद्यावरून खाली उतरली. पाचव्या रांगेत कडेला एक बाई बसल्या होत्या. त्यांनी मांडीवरचे बाळ दुसऱ्या हातावर घेतले, पाय जवळ ओढले आणि तिला आत जायला वाट दिली.